बाल्साचं विमान मढवायचंय: परभणीचा उन्हाळा, घरची इस्त्री आणि बाकी प्रश्न

उडाणटप्पू_परभणी

नमस्कार मंडळी. बरेच महिने रखडलेला ट्रेनर, म्हणजे रिमोटवर उडवायला शिकायचं विमान, एकदाचा सांगाड्यापर्यंत आलाय. पंखांचा पल्ला दीड मीटर, रुंदी २५ सेंटीमीटर, खालून सपाट पंख, चार चॅनेल, इलेक्ट्रिक मोटर. रिब (पंखाच्या फासळ्या) बाल्साच्या, म्हणजे हलक्या मऊ लाकडाच्या, स्पार (पंखाच्या लांबीचे दांडे) पाइनच्या पट्टीचे, पंखाचा पुढचा तिसरा हिस्सा वरून बाल्सा शीटनं बंद केलाय. धड चारी बाजूंनी ३ मिलिमीटर बाल्साचं, नाकात प्लाय. उडायला तयार झालं की दोन किलोच्या आत बसावं असा अंदाज.

आता मढवायचं कशानं, इथं गाडी अडलीय. आमच्याकडं मॉडेलिंगचं सामान मिळत नाही, जे काय ते कुरियरनं मागवायचं. म्हणून म्हटलं आधी विचारू, मग एकदाच मागवू. थर्माकोल आणि सनबोर्डची विमानं उडवलीत, पण त्यांना काय, रंगीत चिकटपट्टी मारली की झालं. लाकडाचं हे पहिलंच.

उष्णतेनं आकसणारी, म्हणजे इस्त्रीवाली फिल्म घ्यावी का टिश्यू कागद आणि डोप (कागदावर मारायचं, त्याला ताठ करणारं लॅकर)? छोटी इस्त्री वेगळी घ्यावीच लागते का? आणि आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, त्यात फिल्म टिकते का? एक मित्र म्हणायलाय की पाऊस पडू दे, गारवा आला की मढव. थांबू का?

सुतारपक्षी

थांबू नका. मित्राला चहा पाजा, पण एवढं एक ऐकू नका.

लाकूड पावसाळ्यात ओल धरतं आणि रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं. तेव्हा ताणून मढवलेलं विमान पुढच्या कोरड्या दिवसांत ढिलं पडतं, कारण आतलं लाकूड आकसतं आणि वरची फिल्म आहे तेवढीच राहते. मार्च ते मे आपल्याकडची हवा सगळ्यात कोरडी. आता मढवलं तर पावसाळ्यात लाकूड फुगून फिल्म आणखी ताठ होईल. डोप मारणार असाल तर कोरडी हवा आणखीच महत्त्वाची, ते कुणीतरी डोपवाले येऊन सांगतीलच.

पण मला वेगळंच विचारायचंय. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, घासकामाचा एक शब्द नाही. सांगाडा घासून झालाय का?

उडाणटप्पू_परभणी

काका, हातानं पॉलिशपेपर फिरवलाय सगळीकडं. गुळगुळीत लागतंय.

सुतारपक्षी

हाताला गुळगुळीत लागणं वेगळं आणि सपाट असणं वेगळं. बोटांनी धरून पॉलिशपेपर फिरवला की कागद मऊ जागी खोल जातो आणि कडक जागी वर राहतो. बाल्सा मऊ, त्यातले गोंदाचे थेंब कडक, स्पार त्याहून कडक. म्हणजे तुम्ही जितकं घासाल तितके उंचवटे वाढतात.

पंखासाठी लांब पट्टी करा. ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप फर्निचरवाल्याकडं तुकड्यात मिळतो, फूट-दीड फुटाचा पुरे. एका बाजूला १२० नंबर, दुसऱ्या बाजूला २२० नंबर दुतर्फी टेपनं चिकटवा. पट्टी एका वेळी तीन-चार रिबांवर टेकली पाहिजे, मग एखादी रिब वर आली असेल तर तेवढीच घासली जाते. शेवटचा हात ३२० चा, हलका, फक्त शीटच्या भागावर. त्यापुढं जाऊन ६०० नि ८०० करण्यात काही हशील नाही, फिल्मला थोडी पकड हवीच.

फेव्हिक्विकसारख्या गोंदाचे ओघळ आधी ब्लेडनं खरवडून काढा, मग पट्टी फिरवा. ओघळ राहू देऊन घासलंत तर त्याच्या आजूबाजूचा बाल्सा खोलगट होतो आणि तो खड्डा फिल्मखाली आयुष्यभर दिसतो.

भोकं, फटी, डाग बुजवायला भिंतीची लांबी (पुट्टी) वापरू नका. जड असते, आणि सुकल्यावर बाल्साहून कडक होते, म्हणजे परत तीच रडकथा. भरण लाकडाहून मऊ पाहिजे. हलका तयार फिलर मागवा, किंवा घासताना पडलेला बाल्साचा भुगा गाळून पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात कालवा. गोंद कमी, भुगा जास्त. दुसऱ्या दिवशी घासा.

मागची कड किती जाड ठेवलीय? शेपटीच्या कडा गोल केल्यात का? रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्च पंखाला लागून आडवा धरा. जे दिसेल ते रंगीत चकचकीत फिल्ममधून दुप्पट दिसणार आहे. फिल्म काहीही लपवत नाही.

वाऱ्यावरची

सुतारपक्षी काकांच्या टॉर्चला माझं अनुमोदन. एक भर घालते: धूळ. घासून झालं की ब्रश, मग व्हॅक्यूम असेल तर तो, आणि शेवटी किंचित ओलसर सुती फडक्यानं सगळं पुसून घ्या. बाल्साची पीठासारखी धूळ शीटच्या छिद्रांत बसते आणि फिल्मचा गोंद लाकडाला न धरता धुळीला धरतो. आठवड्याभरानं बुडबुडे आले की लोक फिल्मला नावं ठेवतात.

गोदाकाठ

नांदेडहून. मी फिल्मच्या बाजूचा, तेव्हा हिशेब मांडतो.

तुमच्या पंखाचं क्षेत्रफळ १.५ गुणिले ०.२५, म्हणजे ०.३७५ चौरस मीटर. वरखाली धरून पाऊण चौरस मीटर. धड आणि शेपटी मिळून आणखी ०.४ धरा. एकूण १.१५. नेहमीच्या पॉलिएस्टर फिल्मचं वजन चौरस मीटरला ६० ते ७० ग्रॅमच्या घरात असतं. म्हणजे अख्खं विमान पंचाहत्तर-ऐंशी ग्रॅममध्ये मढतं, रंगासकट, चकाकीसकट. दोन किलोच्या विमानाला हे काहीच नाही.

फायबरग्लास कापडाचं म्हणाल तर २५ ग्रॅमचं पातळ कापड आणि जवळपास तेवढंच इपॉक्सी, म्हणजे चौरस मीटरला पन्नासेक ग्रॅम. आकडा फिल्मपेक्षा कमी वाटतो, पण त्यावर प्रायमर आणि रंग यायचाय. लोक विमान ग्लासमुळं जड झालं म्हणतात, खरं वजन रंगाच्या डब्यातून येतं. शिवाय कापडाला खाली पूर्ण शीट लागते, तुमच्यासारख्या उघड्या रिबांवर ते चालणारच नाही.

फिल्मचा रोल साधारण ६० सेंटीमीटर रुंद असतो. दोन मीटरच्या रोलमध्ये सव्वा चौरस मीटरच्या आतबाहेर माल. कातरण, चुकलेले तुकडे, दोन रंग, सगळं धरून दोन रोल घ्या.

आणि मढवताना एक गोष्ट डोक्यात ठेवा: शेपटीकडं वाढलेला प्रत्येक ग्रॅम नाकात तिप्पट होऊन बसतो. शेपटी तोलबिंदूपासून पाऊण मीटर मागं आणि नाक पाव मीटर पुढं असेल तर मागचे १० ग्रॅम तोलायला पुढं ३० ग्रॅम शिसं लागतं. म्हणून शेपटीवर फिल्मवर फिल्म, झेंडे, नंबर, चमकी असले प्रकार कमी. सजावट करायची हौस पंखांवर भागवा.

एरंडेल

आलो. डोपवाला मीच.

फिल्म म्हणजे विमानाला रेनकोट घालणं. टिश्यू आणि डोप लाकडाशी एकजीव होतं. कोरा टिश्यू चौरस मीटरला १२-१५ ग्रॅम, डोपचे तीन-चार पातळ हात धरले तरी फिल्मच्या निम्म्यात काम होतं. आणि पंखाला जो ताठरपणा येतो, पिळाला जो विरोध येतो, तो फिल्ममध्ये तितका नाही. एनसीसीच्या एअर विंगला होतो तेव्हा कंट्रोल लाइनची (तारांना बांधून गोल उडवायची) मॉडेलं याच रीतीनं मढवायचो, तिथून सवय लागली ती लागली.

रीत सांगतो. सांगाड्याला आधी पातळ डोपचे दोन हात, मधे हलकं घासून. टिश्यूची रेष पंखाच्या लांबीला. रेष ओळखायची तर एका कोपऱ्यात फाडून बघा, ज्या दिशेनं सरळ फाटतो ती रेष. कागद कोरडा ठेवून कडेनं थिनर-डोप लावत चिकटवा, सुकू द्या. मग स्प्रेनं पाण्याचा फवारा. कागद लोंबल्यासारखा होईल, घाबरू नका, सुकताना ताठ होतो. सुकेपर्यंत पंख सपाट पाटावर टाचण्यांनी आणि गुटक्यांनी दाबून ठेवा, नाहीतर पिळला म्हणून समजा. त्यावर डोप.

तयार डोप मिळालं नाही तर लाकूडकामाच्या दुकानातलं एनसी क्लिअर लॅकर निम्म्याला निम्मं थिनर घालून चालतं. जातकुळी तीच, नायट्रोसेल्युलोजची. फक्त ते सुकल्यावर ठिसूळ होतं आणि वर्षभर ताणत राहतं. त्यासाठी एरंडेल तेलाचे मोजके थेंब. (आयडी उगाच नाही घेतला.) शीटच्या भागात छिद्रं भरायला त्याच लॅकरमध्ये टाल्कम पावडर कालवून हात मारा आणि घासा, बाजारच्या सँडिंग सीलरसारखंच काम होतं.

दमट हवेत मारलं तर पांढरं पडतं. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि डोप दुधाळ होतं. सुतारपक्षी म्हणाले ते हेच. परभणीत एप्रिलमध्ये ही भीती नाही, फक्त भर दुपारी मारू नका, ब्रश फिरायच्या आत सुकतं. सकाळी करा.

आणि हे नायट्रोसेल्युलोज आहे. ठिणगी लागली तर भडकतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघर लांब. लाइट गेली म्हणून मेणबत्ती लावून काम पुढं रेटायचं नाही.

वाऱ्यावरची

देवघर लांब :-D वाचनखूण साठवली.

सुतारपक्षी

एरंडेल, तुमचं सगळं मान्य. पण हे विमान उतरणार कुठं? परभणीत कुणी डांबरी धावपट्टी देणार नाही. वावरातच उतरणार. तुरीची धसकटं, कापसाच्या पऱ्हाट्या, हरभऱ्याचं काढलेलं रान. नवशिक्याच्या उतरण्यात एकेरी टिश्यू दर रविवारी फाटणार आणि पोरगं सोमवारी ठिगळ लावत बसणार. एवढ्या रुंद रिबांच्या गाळ्याला, दोन किलोच्या विमानाला, टिश्यू मला पटत नाही. छोट्या, हलक्या, मंद उडणाऱ्या विमानाला जरूर.

एरंडेल

ठिगळ दहा मिनिटांचं काम असतं काका. पण धसकटांचा मुद्दा बिनतोड आहे. मग दुहेरी टिश्यू, नाहीतर रेशीम.

किडा_डोक्यात

रेशीम म्हणताय तर पैठणी मढवू का? काठ लीडिंग एजला (पंखाच्या पुढच्या कडेला), पदरावरचे मोर वरच्या बाजूला, अंपायर पण उभा राहून टाळ्या वाजवील.

एरंडेल

हसा, पण रेशमानं खरंच मढवतात. पातळ, बिनजरीचं, झिरझिरीत रेशीम ओलं करून सांगाड्यावर ओढतात आणि डोप भरतात. अतिशय चिवट होतं. पैठणी मात्र जड, आणि तिची जरी घासून काढायला गेलात तर तुमचं घरदार शांत बसणार नाही.

लातूरचा_इंजिनवाला

ज्यांचं इंजिन पेट्रोलचं नाही, ग्लोचं आहे, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, कारण हा धागा पुढं कुणीतरी शोधून वाचणार. ग्लोच्या इंधनात मिथेनॉल, तेल आणि बहुतेक वेळा नायट्रोमिथेन असतं. नायट्रेट डोप (एरंडेलकाकांचं नायट्रोसेल्युलोजवालं) त्यात टिकत नाही, विरघळून चिकट होतं. ब्युटिरेट डोप बरंच टिकतं. म्हणून जुने लोक खाली नायट्रेट, कारण त्याची पकड चांगली, आणि वर ब्युटिरेट असा क्रम ठेवत. उलट करायचं नाही.

फिल्म असेल तर पॉलिएस्टरला इंधनाचं काही होत नाही, पण सांध्यातून तेल आत शिरतं. एकदा लाकूड तेलकट झालं की तिथं पुन्हा काही चिकटत नाही. फायरवॉल (इंजिन बसतं ती फळी) आणि टाकीच्या कप्प्याला थिनरनं पातळ केलेलं इपॉक्सी मारून घ्या. धाग्यावाले दादा इलेक्ट्रिकवाले, त्यांना यातलं काहीच नको. नशीबवान.

उडाणटप्पू_परभणी

सगळ्यांचे आभार. पॉलिशपेपरची पट्टी केली आणि टॉर्चची चाचणीही केली. काका, पंखाच्या वरच्या बाजूला टेकाडं निघाली. परत घासायलोय.

फिल्म ठरली. आता इस्त्री आणि ऊन, या दोन्हींचं सांगा. आणि बाजारात फिल्मचे दहा प्रकार दिसतात. मोनोकोट, ओराकव्हर, अल्ट्राकोट, शिवाय बिननावाच्या स्वस्त. फरक काय?

गोदाकाठ

ओराकव्हर जर्मनीतली. अमेरिकेत तीच अल्ट्राकोट नावानं विकली जायची, त्यामुळं दोन्हींच्या तपमानांची तुलना करत बसू नका. तिचा गोंद शंभर अंशांच्या आसपास धरायला लागतो आणि फिल्म दीडशेच्या आसपास चांगली आकसते. दोन्हींत अंतर असल्यामुळं आधी कडा चिकटवून घेता येतात, मग ताणता येतं. नवख्याला हे सोयीचं. मोनोकोटला जास्त उष्णता लागते, ती कडक बसते, पण चुकीला माफी कमी. स्वस्त फिल्मचं तपमान रोलवर लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका, टाकाऊ बाल्साच्या चौकटीवर एक तुकडा करून बघा. एकाच नावाच्या दोन रंगांचंही वागणं वेगळं निघतं, हा माझा अनुभव.

डॉक्युमेंट लॅमिनेशनची पातळ फिल्मही लोक वापरतात. स्वस्त पडते, सांगाडा छान आरपार दिसतो. पण वळणदार टोकांवर ती रुसते. सरळसोट पंखाला ठीक.

वाऱ्यावरची

इस्त्रीचं मी सांगते, कारण बरीच वर्षं घरच्याच इस्त्रीवर काम केलंय.

वाफेची इस्त्री नको, तळाच्या भोकांचे ठसे उमटतात. साधी, सपाट तळाची, जुनी हलकी इस्त्री घ्या. तळ थिनरनं पुसून लख्ख करा. त्यावर जुन्या सुती बनियनचा तुकडा ताणून मागं रबरबँडनं बांधा, म्हणजे फिल्मवर ओरखडे येत नाहीत. घरच्या इस्त्रीची अडचण अशी की थर्मोस्टॅट चालू-बंद होताना तपमान खूप वर-खाली होतं. दिवा विझल्यावर लगेच फिल्मला लावू नका, थोडं थांबा.

तपमान मोजायला लेझरवाला थर्मामीटर वापरणार असाल तर चकचकीत तळावर धरू नका. चकाकणारा धातू त्याला फसवतो, खरं दीडशे असताना तो निम्म्याच्या आसपासही दाखवेल आणि तुम्ही इस्त्री वाढवत बसाल. बनियनच्या कापडावर धरा किंवा तळाला मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर मोजा.

छोटी इस्त्री मिळाली तर घ्याच, पंख आणि धडाच्या सांध्यात मोठी इस्त्री शिरत नाही. पण ती नाही म्हणून अडू नका.

आता उन्हाचं. उडताना काही होत नाही, वारा लागत असतो. धोका जमिनीवर आणि गाडीत. बंद गाडी उन्हात उभी राहिली की तासाभरात आतली हवा बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी वर जाते. बाहेर ४३ तर आत साठच्या वर, आणि काचेतून थेट ऊन पडलेला गडद रंग त्याहूनही तापतो. गोंद सुटायला लागायच्या जवळ पोचतो. शिवाय लाकूड वाळतं. गाडीतून काढताना फिल्मला सुरकुत्या दिसतात त्या याच. विमान पांढऱ्या चादरीत गुंडाळा, काचा किंचित खाली ठेवा, रानात गेल्यावर लिंबाखाली ठेवा.

गोदाकाठ

ताईंच्या गडद रंगावरून रंगसंगतीचं आलं. उन्हाळ्यात आपल्याकडचं आभाळ निळं नसतं, धुळीनं पांढुरकं असतं. पिवळं-पांढरं विमान त्यात विरघळतं. शंभर मीटरवर ते येतंय का जातंय कळत नाही आणि नवखा माणूस रिमोटचा दांडा उलटा मारतो.

तरी वरची बाजू पांढरी, पिवळी, नारिंगी, अशी फिकटच ठेवा, ऊन तिथंच पडतं. खालची बाजू सावलीत असते, तिथं काळे किंवा गडद निळे जाड पट्टे द्या, आणि दोन पंखांवर वेगवेगळे. एका टोकाला दोन आडवे, दुसऱ्याला एकच रुंद. लांबून रंग कळत नाही, आकृती कळते. बारीक नक्षी, नावं, चांदण्या फोटोत दिसतात, आभाळात नाही.

फिकट रंग आधी, गडद नंतर त्यावर चढवा. उलट केलंत तर गडद कड फिकटातून दिसते. चढ तीन ते पाच मिलिमीटर बास. मोठ्या भागावर फिल्मवर फिल्म चिकटवू नका, मधल्या हवेला जायला वाट नसते.

सुतारपक्षी

क्रम लिहितो, म्हणजे हा पुन्हा विचारायला नको.

सुरुवात रडरपासून (शेपटीची उभी हलती पट्टी). छोटा आहे, बिघडला तर फाडून परत करता येतो. मग एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी), आयलेरॉन (पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या), शेपूट, धड, शेवटी पंख. प्रत्येक ठिकाणी खालची बाजू आधी, वरची नंतर, म्हणजे सांधा वरून दिसत नाही. धडाला आधी पोट, मग दोन्ही कुशी, मग पाठ.

हिंजच्या (हलत्या पट्ट्यांच्या बिजागऱ्यांच्या) चिरा मढवायच्या आधी पाडून घ्या आणि कोरड्यानं बसवून बघा. फिल्मवरून चीर शोधत बसलात तर ब्लेड भलतीकडं जाईल.

पंखावर तुकडा चारी बाजूंनी बोटभर मोठा कापा. आधी मधे टाचा, मग टोकं, मग कडा, आणि हातानंच जमेल तितका ताण द्या. इस्त्रीनं सगळ्या सुरकुत्या काढू असं म्हणून ढिला लावू नका, फिल्मला आकसायची मर्यादा असते. कडा पक्क्या झाल्याशिवाय मधे हीट गन नाही. गन सांध्यावर गेली की सांधा सुटतो, तिथं ओलं फडकं ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेपूट धडाला जिथं चिकटणार तिथली फिल्म काढावी लागते, फिल्मवर गोंद धरत नाही. ही फिल्म ब्लेडनं कापताना लाकडावर चीर पडली तर शेपटी बरोबर त्याच रेषेत मोडते, आणि मोडते ती हवेत. ब्लेड टेकवू नका. बारीक टोकाची सोल्डरिंगची इस्त्री पट्टीच्या आधारानं फिरवा, फिल्म वितळून कापली जाते आणि लाकूड शाबूत राहतं.

उडाणटप्पू_परभणी

ही शेवटची गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. धन्यवाद काका.

रडर, एलिव्हेटर झालं. धडही मढवलं, पोट निळं, कुशी-पाठ पांढरी. फोटो चढवायला जमेना, साइट मोठा फोटो घेत नाही. दिसायला झकास झालंय, पण धडाच्या कुशीवर फिल्मखाली बुडबुडे यायलेत. इस्त्री फिरवली की जातात, गार झालं की दुसरीकडं उगवतात. कामून?

वाऱ्यावरची

इस्त्री जास्त तापतेय. बाल्साच्या छिद्रांतली हवा तापून फुगते आणि बाहेर यायला बघते. तपमान थोडं उतरवा, आणि कुशीच्या मधून कडेकडं जा, कडेकडून मधे नाही, नाहीतर हवा कोंडते. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात सुती फडक्याची घडी. इस्त्री पुढं सरकली की तिच्या मागोमाग घडीनं दाबत जायचं, म्हणजे फिल्म दाबात गार होते आणि गोंद धरतो. जे बुडबुडे उरतील त्यांना बारीक सुईनं टोचा, सुई आडवी धरून, मग परत हलकी इस्त्री.

एरंडेल

कागदाला छिद्रंच असतात, बुडबुडे येत नाहीत. सहज आठवलं म्हणून सांगितलं.

उडाणटप्पू_परभणी

ताई, जमलं. घडीनं दाबायचं हेच गमक निघालं.

पंख पण झाला. पण पाटावर ठेवला तर डाव्या पंखाची मागची कड टोकाला वर उचललीय. उजवा बरोबर टेकतो. सांगाडा असताना दोन्ही सरळ होते, मी तपासलं होतं.

सुतारपक्षी

फिल्मनं पिळला. वरची बाजू खालच्यापेक्षा जास्त ताणली गेली असणार. तुमचा पंख पुढून फक्त वरूनच बंद आहे. खालूनही शीट असती तर पुढं बंद नळी तयार झाली असती आणि पंखाला स्वतःचाच ताठरपणा आला असता. उघडा असल्यामुळं पिळाला आवर घालायला फिल्मच आहे, आणि फिल्म जिकडं ओढेल तिकडं पंख जाणार. यात बिघडलं काही नाही, ज्या उष्णतेनं पिळला त्याच उष्णतेनं सरळ होतो.

दोन माणसं लागतील. एकानं पंख उलट्या दिशेनं, हवा आहे त्याहून थोडा जास्त पिळून धरायचा. फिल्मवर तिरप्या सुरकुत्या पडतील. दुसऱ्यानं त्या सुरकुत्यांवर हीट गन फिरवायची, आधी वर, मग खाली. सुरकुत्या गेल्या की गन बंद, पण पंख तसाच धरून ठेवायचा, पूर्ण गार होईपर्यंत. घाईनं सोडला तर परत जाईल. मग पाटावर ठेवून बघा, लागलं तर पुन्हा करा.

गोदाकाठ

सरळ करताच आहात तर दोन्ही टोकांना मुद्दाम थोडा वॉशआउट द्या की. मागची कड टोकाला वर, दोन्हीकडं सारखी. वेग कमी झाला की टोकाआधी मधला पंख हवा सोडतो आणि विमान एका अंगावर पडत नाही. २५ सेंटीमीटर रुंदीला दोन अंश म्हणजे मागची कड नऊएक मिलिमीटर वर. टोकाच्या रिबखाली तेवढ्या जाडीचा ठोकळा ठेवून मापा.

सुतारपक्षी

सपाट तळाच्या, सरळ पंखाच्या ट्रेनरला त्याची फार गरज नाही. असला तर वाईट नाही, पण दोन्हीकडं सारखा नसला तर नसलेलाच बरा. पहिल्यांदा मढवणाऱ्यानं आधी दोन्ही पंख सरळ करावेत.

गोदाकाठ

मला तरी पटत नाही. नवख्यालाच त्याची जास्त गरज. उतरताना तोच तर नाक वर ओढतो.

लातूरचा_इंजिनवाला

दोघेही बरोबर आहात, आणि हा वाद इथं मिटणार नाही. उडाणटप्पू, तू आधी सरळ कर. पहिली चार-पाच उड्डाणं बघ, मग ठरव. फिल्म आहे, नंतरही पिळता येते. डोप असतं तर एरंडेलकाकांना बोलवावं लागलं असतं.

एरंडेल

डोप असतं तर वाफ दाखवून पाटाला परत बांधून ठेवायचं असतं. होतं तेही. वेळ लागतो एवढंच.

उडाणटप्पू_परभणी

सरळ केला. बहिणीनं धरला, मी गन फिरवली. आता दोन्हीकडं पाटावर टेकतो. वॉशआउट नंतर बघू.

तोल बघितला: रुंदीच्या तीस टक्क्यांवर बोटं टेकवली तर शेपूट किंचित जड वाटते. बॅटरी पुढं सरकवायला जागा आहे, शिसं लागणार नाही बहुतेक. एकूण वजन फिल्मच्या आधी आणि नंतर तोललं, फरक गोदाकाठ दादांच्या हिशेबाच्या जवळपासच निघाला.

आता शेवटचं. आयलेरॉनच्या फटी खालून फिल्मच्या पट्टीनं बंद करतात म्हणे. करू का?

गोदाकाठ

करा. फटीतून खालची हवा वर निसटते आणि आयलेरॉन मंदावतो, शिवाय जोरात जाताना फडफडायचा धोका. आयलेरॉन पूर्ण वर वळवून धरा, म्हणजे खालची फट जास्तीत जास्त उघडते. पारदर्शक फिल्मची पट्टी त्या फटीत खोल दाबून इस्त्रीच्या कडेनं चिकटवा. नंतर दोन्ही दिशांना हलवून बघा, सर्व्होला (आयलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरला) जोर पडता कामा नये.

किडा_डोक्यात

पांढऱ्या फिल्मचा तुकडा उरला असेल तर कळव रे, माझ्या एलिव्हेटरपुरता हवाय. मी सेलूला असतो, एसटीनं पाठवलास तरी चालेल.

उडाणटप्पू_परभणी

पांढरा संपला. निळा हातभर आहे. चालेल का?

किडा_डोक्यात

पळेल. खालच्या बाजूला लावतो.